शेळीपालनातलं तेरावं चित्र

नांदेड, रविवार

तीर्थस्वरूप ताराआत्यास,

बजरंगचा साष्टांग नमस्कार. मागच्या दिवाळीत मुरुडला पाया पडायला वाकलो तेव्हा "आधी केस काप" म्हणून तुम्ही पाय मागं घेतला होता, तो नमस्कार राहूनच गेला, तोही यातच धरावा. गुडघा कसा आहे? मामांचा खोकला? म्हैस नव्या गड्याला जवळ येऊ देते का? इथं मी खुशाल आहे, म्हणजे जेवण जातं, पण अंगात असा काही जोर चढून राहिलाय की जिन्याच्या पायऱ्या एकेक चढणं जमतच नाही. (फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्राला मधे तोडता येत नाही.)

तुम्हाला एकटीलाच ठाऊक आहे की विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग कॉलेज मी दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सोडलं (वर्कशॉपच्या सरांशी वाद झाला, चूक त्यांची होती, आवाज माझा होता). भोकरला आमचे दादा, म्हणजे तुमचे बंधुराज, समजून आहेत की मी शेवटच्या वर्षाला आहे. खरं तर मी झेरॉक्सच्या दुकानात आहे. तिथं निवृत्ती सर पुस्तकं घेऊन यायचे. रिटायर्ड मास्तर, खिशात लाल पेन, रागावले तरी विनंती केल्यासारखं वाटतं. पहिल्याच दिवशी त्यांनी एका नव्याकोऱ्या पुस्तकाची पाठ कापायला सांगितली आणि मी भांडलो (पुस्तक कापतात का कुठं). मग त्यांनी समजावलं. पानं सुटी करून स्कॅन करायची, कॉम्प्युटर अक्षरं ओळखतो, त्यातली बरीच चुकीची ओळखतो, ती आपल्यासारख्यांनी पुस्तक समोर ठेवून दुरुस्त करायची. मग ते लातूरला जातं, तिथल्या मशीनवर कागदावर ब्रेलचे ठिपके उठतात, आणि ज्यांना दिसत नाही ती माणसं बोटांनी वाचतात. पगार नाही. मी तिथल्या तिथं हाव म्हणालो, कारण भांडण हरलो की मला नेहमी काहीतरी मोठं काम करावंसं वाटतं.

सरांच्या खोलीत भिंतीवर नियमांचा कागद आहे. पुस्तकात पदरचं काही घालायचं नाही. चित्र आलं तर कंसात त्याचं वर्णन लिहायचं, दिसतं तेवढंच. हा शेवटचा नियम ध्यानात ठेवा, आत्या. पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं.

माझं पहिलं प्रकरण लातूरहून एकसष्ट चुका लागून परत आलं. तपासणाऱ्या बाईंचं नाव अयोध्या. जन्मापासून दिसत नाही, बी.एड. झालेल्या, ब्रेलच्या पानावर स्वतः वाचून तपासतात. एकसष्ट म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. फोन लावला, चार शब्द सुनवायलाच. त्यांनी ऐकून घेतलं आणि पानावर बोट फिरवत एकेक चूक वाचायला लागल्या. फोनमधून बोट सरकल्याचा आवाज येत होता, बारीक, तांदूळ निवडल्यासारखा. एकोणिसाव्या चुकीला माझा राग गेला. एकतिसाव्या चुकीला मी खाली बसलो. एकसष्टावी झाल्यावर मी विचारलं, अजून नाहीत का.

त्यानंतर माझ्या चुका वाढतच गेल्या. सर हैराण, की हा सरावानं बिघडतोय कसा. अयोध्यालाही (पत्रात मी एकेरीवर आलोय, तिच्यासमोर अजून अहो आहे) संशय आला असावा. एकदा म्हणाली की अवघड शब्द बरोबर लिहिता आणि सोप्याला चुकता, तुमचं काय ते एकदा ठरवा.

मी ठरवलं. तेव्हा माझ्याकडं शेळीपालनाचं पुस्तक होतं. बारा चित्रं, बाराही शेळ्यांची. खूर कसे कापावेत या धड्यानंतर मी तेरावं घातलं. तोंडपाठ आहे म्हणून लिहितो: 'चित्र तेरा. विष्णुपुरीच्या धरणावर एक तरुण उभा आहे. उंच, रुंद खांद्याचा, केस वाऱ्यावर. शिक्षण इंजिनिअर. तो लातूरच्या दिशेनं बघत आहे. त्याच्या डोळ्यांत एकच नाव.' बेत असा होता की तपासताना एकटी तीच वाचेल, तिला समजेल, आणि छापण्याआधी ती काढून टाकेल. पण नेमकी त्या आठवड्यात ती मावसबहिणीच्या लग्नाला उदगीरला गेली, घाईचं काम म्हणून फाईल तशीच मशीनवर चढली, आणि तेरावं चित्र पाच प्रतींवर उठून पाच गावांना पोचलं.

पहिला फोन औशाकडच्या केरबांचा. त्यांना दिसत नाही, चौदा शेळ्या पाळतात, आणि पुस्तक आल्यापासून त्यातल्या शब्दाबाहेर जात नव्हते. त्यांनी सरांना विचारलं की चित्रातला तरुण शेळीच्या कोणत्या बाजूला उभा आहे. सर म्हणाले, कोणता तरुण. केरबा म्हणाले, तोच, इंजिनिअर. खूर कापताना शिकलेलाच माणूस लागतो का घरचा चालतो? कारण त्यांनी थोरल्या भावाला बांधावर लातूरकडं तोंड करून तासभर उभं केलं होतं, आणि शेळी तरीही पाय देईना.

सरांनी लाल पेन काढून टेबलाच्या खणात ठेवलं, त्याची मला लई भीती वाटली. मग म्हणाले, पाचही ठिकाणी माफीची पत्रं जातील, आणि अयोध्या हो म्हणेपर्यंत तुला पुस्तक नाही. म्हणजे बघा, माझं काम आणि माझा जीव, दोन्ही तिच्याच हातात.

काल तिचा फोन आला. मी उत्तरं पाठ करून बसलो होतो. चिडली तर एक, रडली तर एक, हसली तर दोन. तिनं यातलं काहीच केलं नाही. म्हणाली,

"कंसाबाहेर तुम्ही चुकलात तर मला वाचताना कळतं. कंसातलं कसं कळणार? ते मी खरं धरून पुढं जाते. केरबांनीही तेच केलं."

मी म्हणालो, चूक माझी. मी, आणि चूक माझी. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

मग तिनं विचारलं, तो तरुण तुम्हीच का. हाव म्हणालो. वर्णन खरं आहे का. म्हणालो, बरंचसं.

"बरंचसं म्हणजे काय? खांदे का इंजिनिअर?"

तेव्हा मी सांगून टाकलं, कॉलेज अर्धवट सोडलंय, घरी माहीत नाही. पलीकडून पुन्हा तांदूळ निवडल्याचा आवाज आला, ती तेरावं चित्र परत वाचत होती. मग ती हसली (पाठ केलेली दोन्ही उत्तरं मी विसरलो) आणि तिनं अट घातली. महिनाअखेरपर्यंत त्याच चित्राचं वर्णन पुन्हा हवं, साठ शब्दांत, दिसतं तेवढंच, पण माझ्या हातचं नको. ते वाचून पुस्तक द्यायचं का नाही ते ठरेल. पुस्तकापलीकडचंही ठरेल असं मी म्हणतो. ती तसं म्हणाली नाही. पण फोन ठेवताना तिनं पहिल्यांदाच मला नुसतं बजरंग म्हटलं, पुढं राव न लावता. तेव्हापासून मी जमिनीवर नाही. आज सकाळी एकाच्या आधारकार्डाच्या चाळीस कॉप्या काढल्या. त्यानं चार सांगितल्या होत्या.

बाकी ठीक. मामांना नमस्कार, म्हशीपासून जपून.

पायाशी बसलेला (पाय मागं घेतला तरी) तुमचा भाचा,
बजरंग

ता.क. अटीतली एक गोष्ट वर लिहायची राहिली. तिनं विचारलं होतं, तुमची तरफदारी न करणारं माणूस घरात कुणी आहे का. मला विचारच करावा लागला नाही, आत्या. धरणावरचा फोटो सोबत जोडलाय. साठ शब्द, खाली सही, आणि लवकर.

ता.क. दुसरं. समोरच्या दाताचं लिहायचंच असेल तर एका ओळीत उरका. उंचीचं म्हणाल तर पायाखालचा दगड फोटोत आलाय, तो लपवू नका. केस कापलेत, पण ते फोटोत नाही, म्हणून लिहू नका.

ता.क. तिसरं. हे पत्र दादांना दाखवू नका असं वर एक वाक्य होतं. ते मी खोडलंय. भोकरला पाठवाच. तेही दीड वर्ष माझ्या कंसातलंच खरं धरून बसलेत. फक्त आधी तुमचे साठ शब्द टपालात टाका आणि मग त्यांना द्या. दादांनी माझं वर्णन लिहायला घेतलं तर ते साठ शब्दांत मावायचं नाही.