मामांच्या पोटावरची शिवण

मंचर, मंगळवार, संध्याकाळ

डिंभ्याच्या एका मामांना सकाळी रक्ताची मोठी उलटी झाली, पण दवाखान्यात पोचेपर्यंत ती थांबली होती. गुडघेदुखीच्या गोळ्या चालू, त्यांनी जठराला जखम होते, म्हणून मी केसपेपरवर अल्सर लिहिलं. दुर्बिणीची तपासणी उद्या.

मामी म्हणाल्या, "थांबलंय न्हवं? मग दुपारच्या एसटीनं जातो. मेंढरं कोंडून आलोय."

शेवंतासिस्टर मामांचा सदरा बदलत होत्या. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत जुनी शिवण. "मामा, ही कशाची?"

"पोटातली रक्ताची मोठी नळी फुगली व्हती. तिथं कापडाची बसवली. लई वर्सं झाली."

"मेंढराचं पोट फुगलं तर लांबून ओळखता, अन् आपलं सांगत नाय?"

"कुनी इचारलंच न्हाई."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "मॅडम, ती नळी आतड्यात घुसली असेल तर? असा एक पेशंट पाहिलाय मी. पहिली उलटी थांबते, दुसरी थांबत नाही."

सीटी स्कॅनमध्ये आतडं नळीला चिकटलेलं, शेजारी हवेचे बुडबुडे, म्हणजे सिस्टरांचंच खरं. मामांना लगेच पुण्याला पाठवलं. आत्ताच फोन आला: ऑपरेशन झालं, मामा वाचले.

अशी नळी आतड्यात घुसते, हे सांगणारं पुस्तकातलं पान मला तोंडपाठ आहे. सिस्टरांनी ते वाचलेलंही नसेल. आणि ती शिवण? सकाळी तपासताना माझा हात तिच्यावरूनच फिरला होता. थांबला नव्हता.