साक्षीचा प्रवेश

सिडनी, ९ ऑगस्ट १८४३

प्रिय एब्नर,

तुझं फेब्रुवारीचं पत्र पोचलं. तुझ्या हॅनाचा खोकला गेला, बरं वाटलं. मी ठणठणीत आहे. जुन्या गोष्टी तू काढत नाहीस, दर वेळी मीच काढतो.

बातमी मोठी आहे. सोमवारी आमच्या नाटकगृहात ‘गिरणीवरचा खून’ लागलं. लंडनला तू ते पाहिलं असशील, तर अर्धंच पाहिलंस. तिथल्या भाषांतरकाराने भाऊ भावाविरुद्ध साक्ष देतो तो प्रवेश उडवून त्या जागी कुत्र्याचा खेळ घातला. मी मूळ फ्रेंचवरून सगळं इंग्रजीत आणलं. एकशे बारा पानं. फ्रेंच शिकलो ती कॅनडाहून आणलेल्या फ्रेंचभाषी कैद्यांकडून, त्यांचे बूट शिवून देता देता.

पण इथे सरकारी कचेरीतून नाटकाला परवाना मिळतो तो लंडनला होऊन गेलेल्या संहितेलाच. आमचे मालक क्रेगन म्हणाले, “सुटलेल्या कैद्याचं नाव पाहिलं तर साहेब पानसुद्धा उलटणार नाही. लंडनचा कुणीतरी घाल.” लंडनमध्ये मी एकालाच ओळखतो. मी तुझं नाव घातलं.

साक्षीच्या प्रवेशाला स्वस्त बाकांवरचे लोक अक्रोड फोडायचे थांबले. त्यातले निम्मे माझ्यासारखेच बेड्या घालून आलेले. शेवटी भाषांतरकाराला बोलवा म्हणून ओरडा झाला. क्रेगननी सांगितलं, ते गृहस्थ लंडनला असतात. मी विंगेत मेणबत्तीची काजळलेली वात कापत होतो.

काल कचेरीतून निरोप आला. लंडनच्या प्रतीत नसलेला प्रवेश आला कुठून, हे तुलाच पत्राने विचारणार आहेत. क्रेगन म्हणाले, “जायला चार महिने, यायला चार. गप्प बस. नावाला काय चाटायचंय?”

पण तुला खोटं बोलता येत नाही. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? कोर्टात तू बोललास ते खरं होतं, एब्नर. घड्याळ मीच चोरलं होतं. चौदा वर्षं प्रत्येक पत्रात मी उलट लिहीत आलो. त्या प्रवेशातली भावाची वाक्यं इंग्रजीत आणायला मला सतरा दिवस लागले. एक शब्द सौम्य केला नाही.

आज सकाळी कचेरीत जाऊन भाषांतर माझं आहे असं लिहून दिलं. परवाना गेला, शनिवारचा प्रयोगही गेला. क्रेगन माझ्याशी बोलत नाहीत.

प्रत सोबत पाठवतोय. पहिल्या पानावर तुझं नाव खोडलं आहे. साक्ष पान ब्याऐंशीवर. फ्रेंच जाणणाऱ्या कुणाकडूनही ताडून घे, चूक सापडणार नाही.

तुझा भाऊ,
सायलस थरगुड
भाषांतरकार