आधीच्या माणसाची ऊब

२६ डिसेंबर २०१६, सोमवार. तुरैफच्या बाहेर.

पोचलो एकदाचा. रियाधहून बसमध्ये बसलो तेव्हा अंगावर एक स्वेटर होता, इथं सौदीच्या उत्तर सरहद्दीवर उतरताना तीन होते. रय्यानने, म्हणजे माझा व्हिसा ज्या मालकाच्या नावावर त्या कफीलच्या धाकट्या मुलाने, आल्या आल्या गरम चहा दिला आणि माझी माकडटोपी बघून पोट धरून हसला. म्हणाला, चाचा, बँक लुटायला आलात की काय. पोरगा गोड आहे. मलाही हसू आलं.

मोबाईलची दुकानं सौदी माणसांनीच चालवायची असा नियम आला आणि रियाधच्या अल मलाझ भागातलं आमचं दुकान सुटलं. एकोणतीस वर्षं तिथं उभा होतो, आधी रेडिओ विकत, मग मोबाईल. कफील म्हणाला, कायमची एक्झिट देतो, देश सोडून घरी जायचा परवाना, पण कागद व्हायला दोन आठवडे लागतील, तोवर माझी मोटरहोम सांभाळ. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घरच. पुढे स्टिअरिंग, मध्ये शेगडी आणि नळ, मागे बिछाना. कफील सुट्टीत इथं माळावर राहायला येतो. हिवाळ्यात पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून आत सतत ऊब ठेवायला एक माणूस लागतो.

सहा तारखेला रय्यान पासपोर्ट आणि एक्झिटचा कागद घेऊन येणार. मग मी हर्णैला. बायकोने, सफूराने, फोनवर चारदा विचारलं, नक्की ना? मी चारदा नक्की म्हटलं. पण कागद हातात पडेपर्यंत माझा कशावर विश्वास नाही.

सातवीपर्यंत शिकलो, लिहायची सवय नाही. इथं बोलायला कोणी नाही म्हणून ही वही.

२८ डिसेंबर, बुधवार

काम हलकं, काळजी भारी. गॅसचा हीटर पुढच्या टोकाला आहे, तो विझता कामा नये. छतातली खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, नाहीतर गॅसने जीव गुदमरतो. नळाची धार बारीक चालू ठेवायची. काचांना चंदेरी फोम लावायचा. खालच्या पाइपांना मी गोणपाट गुंडाळलं, वर दोरी. भिंतीवर थर्मामीटर आहे, तो दर तासाला बघतो. दर तासाला वाटतं की मघाशी नीट बघितलं नाही.

सकाळी एक गंमत झाली. रियाधला बत्ह्यातल्या आमच्या खोलीत बिछाने आठ आणि माणसं सोळा. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच बिछान्यात. तिथला कायदा असा की उठताना ब्लँकेट उघडं टाकायचं नाही, कडा गादीखाली खोचायच्या, म्हणजे आपली ऊब पुढच्याला मिळते. आणि पुढचा येऊन उभा राहिला की एक शब्द न बोलता उठायचं. माझ्या बिछान्याचा भागीदार बेकरीत कामाला होता. वीस वर्षांत त्याच्याशी धड बोललो नाही, पण त्याची ऊब ओळखीची.

तर आज उठलो आणि हात आपोआप कडा खोचायला लागले. कुणासाठी रे बाबा, असं मोठ्याने म्हणालो.

३० डिसेंबर, शुक्रवार

दुपारी नमाजनंतर जरा लवंडलो. बिछाना गरम होता.

सकाळी सहाला उठलो होतो, मधे सात तास गेले. बिछाना हीटरपासून सगळ्यात लांब, त्या कोपऱ्यात भांड्यातलं पाणीसुद्धा बर्फासारखं होतं. उशीला खळगा होता. माझाच असेल म्हटलं. माझं डोकं एवढं मोठं नाही.

१ जानेवारी, रविवार

गॅस घेऊन पठाण ड्रायव्हर आला. बिछान्याचं त्याला गमतीत सांगितलं. तो हसला नाही. आधी टाळाटाळ केली, मग दोन चहा झाल्यावर बोलला. दोन वर्षांपूर्वी इथं तुमच्याच मुलखातला एक माणूस होता, तौकीर नावाचा, श्रीवर्धनकडचा. तोही एक्झिटची वाट बघत होता. एका सकाळी पठाण आला तर दार उघडं, हीटर चालू, बिछाना गरम. आणि तौकीर बाहेर पायरीवर बसलेला. गोठून दगड झालेला. पठाण म्हणाला, चाचा, त्याच्याकडे बघून वाटत होतं, आत कोणीतरी झोपलंय आणि हा त्याच्या उठण्याची वाट बघतोय.

कफील मला हे बोलला नाही. रय्यानही नाही. पठाणाला म्हटलं, मला घेऊन चल. तो म्हणाला, पासपोर्ट कफीलकडे, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपलेला, पहिल्याच चौकीवर दोघंही अडकू. खरं होतं. पाच दिवस काढायचे आहेत.

२ जानेवारी

आज मुद्दाम कडा खोचल्या नाहीत. ब्लँकेट खाली फेकलं, गादी उघडी ठेवली. दिवसभर बाहेर शेकोटीजवळ बसलो, दारावरून नजर हलवली नाही. कोणी आत गेलं नाही.

संध्याकाळी बघितलं. ब्लँकेट गादीवर. कडा खोचलेल्या, आमच्या खोलीत खोचतात तशाच, पायाकडे दुहेरी घडी घालून. आत हात घातला.

गरम.

जमिनीवर झोपतो. कुराणातली आयतुल कुर्सी म्हणतो आहे, रक्षणासाठी. मधेच शब्द विसरायला होतात.

३ जानेवारी

धुकं. दहा पावलांवरचं दिसत नाही. नवीन सिलिंडर गळका निघाला, हीटर विझला. पठाणाचा फोन लागत नाही. रय्यानचा लागला. रस्ता बंद आहे म्हणाला, शुक्रवारी काही झालं तरी येतो, पासपोर्ट माझ्या खिशात आहे, चाचा, फक्त ऊब धरून राहा.

आत मायनस चार. नळ गोठला. शेकोटीची लाकडं ओली. बोटं निळी पडली आहेत.

या गाडीत गरम जागा एकच आहे.

अल्ला माफ कर. झोपलो तिथं.

४ जानेवारी

उठलो नाही. ही ऊब माझी नाही, मला कळतं. बेकरीवाल्याचीही नाही.

दुपारी बाहेर पायरी वाजली. कोणीतरी बसलं. बराच वेळ. मग बुटांवरचं बर्फ झटकल्याचा आवाज, आणि पायाशी येऊन उभा राहिला. मी डोळे घट्ट मिटले. तो काही बोलला नाही. बोलायचं नसतंच. मीच उठायला हवं होतं. त्याची वेळ झाली होती.

उठलो तर मरेन. तौकीरही उठला होता —

५ जानेवारी

अजून उभा आहे. मनातल्या मनात त्याला म्हणालो, भाऊ, मला फक्त उद्यापर्यंत झोपू दे. तू माझं काहीही घे. उद्या मला घरी जायचं आहे.

आत्ता बघितलं. खुंटीवर माझं जाकीट नाही.

पायाशी कोणी नाही.

त्याने ऐकलं वाटतं —

६ जानेवारी

हॉर्न. रय्यान आला. या अल्ला, आला —

पाय उचलत नाहीत. ब्लँकेट निघत नाही. कडा खोचलेल्या आहेत, आत मी असताना —

काचेवरचं बर्फ नखाने खरवडलं. धुकं गेलंय. पायरीवरून एक माणूस उठला. माझं जाकीट. रय्यानने त्याला मिठी मारली. चाचा म्हणाला. हसत होता, गोठला नाहीत ना म्हणत होता —

खिशातून पासपोर्ट काढला. त्याला दिला —

काच बडवतोय. रय्यान! रय्यान, मी इथं —

तो वळला एकदा. माझंच तोंड. माझ्याकडे बघून मान हलवली, ड्यूटीवर निघालेला माणूस झोपायला आलेल्याला निरोपाची हलवतो तशी —

रय्यानच्या गाडीचं दार लागलं —

सफूरा, मुंबईत जो उतरेल तो मी नाही —