दोरा बांधलेला टोमॅटो

२० एप्रिल, हॉर्नबी

एप्रिल म्हणजे इथे थंडीची सुरुवात. आज रात्री फ्रॉस्ट पडून, दव गोठून झाडं जळणार म्हणून उजेड असतानाच मिरच्यांच्या कुंड्या घरात घेतल्या आणि झाडांवर राहिलेले सगळे टोमॅटो तोडले. घाईघाईत. मग त्यांची चटणी केली, शेंगदाण्याचं कूट घालून, मीना करायची तशी. बादली धुताना तळाशी लाल दोरा सापडला.

तो दोरा मीनाने मार्चमध्ये एका कच्च्या टोमॅटोच्या देठाला बांधला होता, हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी. नंतर ती घरी आलीच नाही. इथल्या थंडीतही जे झाड सगळ्यात आधी धरेल, त्यावरचं एक फळ ती दरवर्षी बियांसाठी राखायची. "याला हात लावायचा नाही हं," असं मला बजावलं होतं. नऊ वर्षं जपलेलं बी आज चटणीत गेलं. मागच्या वर्षीचं थोडं उरलं असेल? सगळी कपाटं पाहिली. नाही.

हॅमिल्टनला मुलीला फोन केला. "इट्स ओके बाबा, नर्सरीत हीप्स रोपं मिळतात, ढिगानं." मग म्हणाली, "तो कच्चा टोमॅटो पेपरात गुंडाळून ठेवला असतास तर घरातही पिकला असता. आई तसंच करायची." दोरा समोरच होता. गाठ सुटली नव्हती. मीच ओढून काढला असणार.

चटणी टाकून द्यावीशी वाटली. पण सकाळपासून उपाशी होतो. भाकरीबरोबर खाल्ली. अगदी तिच्या हातची चव. "अजून वाढू?" असं कुणी विचारल्यासारखं वाटलं आणि मी मोठ्याने हो म्हणालो.