झाकलेली विहीर

सव, १२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. अंकिताताईस, दीपकचा शि. सा. न. वि. वि.

अपेक्षाच्या तेराव्याला तुम्ही सगळे होता म्हणून निभावलं. फोनवर मी नुसता हुं हुं करतो म्हणून तू रागावतेस, तेव्हा लिहितो आहे. भाताची झोडणी झाली. एवढ्या संसारात कधी तव्याशी गेलो नव्हतो, आता भाकरी जमू लागली, फक्त गोल होत नाही. अपेक्षा असती तर हा कुठला देश म्हणून नकाशात शोधली असती.

विहिरीचं विचारलंस. झाकली आहे. कारवीच्या नव्या काठ्या तोडून आडव्या टाकल्या, वर पेंढा घातला. काळजी करू नकोस.

भाओजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नका.

तुझा,
दीपक


पोलादपूर, १८ नोव्हेंबर २०२४

चि. दीपक यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. झाकली म्हणजे काय रे? त्या दिवशीही ती झाकलेलीच होती. नळ आल्यावर विहीर पडीक झाली, तेव्हापासून गुरं पडू नयेत म्हणून बाबा कारवी टाकायचे, त्यांच्यामागे तू. त्यावर वेल चढले, गवत माजलं. अपेक्षा गवत कापायला गेली आणि जमीन समजून पाय दिला. उघडी असती तर निदान दिसली असती.

आई म्हणायची, पाण्याचा गळा आवळू नये. म्हणून आपण दोघांनीही कधी बुजवायचं नाव काढलं नाही. सातबाऱ्यावर नावं आपली आहेत. आपल्या जमिनीतला खड्डा भरायला दुसरं कोण येणार?

तुमच्या वाडीतली जानकीबाई महाडच्या बाजारात भेटली. म्हणाली, दीपक दुपारचा विहिरीपाशी बसतो, हाक मारली तर ओ देत नाय. अपेक्षाचा विळा अजून खाली आहे, ते मला ठाऊक आहे. पण विळ्यासाठी विहीर राखशील आणि उद्या दुसऱ्या घरचं माणूस जाईल.

भाकरीचं मनावर घेऊ नकोस. पोटात गेल्यावर सगळे देश एकच.

माया आहे म्हणून एवढं लिहिलं. ती तशीच आहे असं समज.

तुझी,
ताई


सव, ९ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावरही मी बरेच दिवस काही केलं नाही. मग एका दुपारी जानकीबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन सरळ त्या पेंढ्याच्या रोखाने आली. मी ओरडलो. ती जागीच थांबली. म्हणाली, आवाज हाय म्हणायचा तुला अजून. मग भारा टाकून तिथेच बसली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी कारवी काढली. आधी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, आईसाठी. शेजारच्या मंगेशने ट्रॅक्टरने दगड आणले, वर मुरूम, मग माती. अपेक्षाला अग्नी दिला होता, माती द्यायची आपल्यात रीत नाही. तरी पहिली मूठ मी टाकली. दुसरी तुझ्या नावाने. विळा तिचा होता, तिच्याकडेच राहिला.

मंगेश म्हणाला, पावसात भर खचेल, दरवर्षी माती घालावी लागेल. मी म्हटलं, घालीन.

पुढच्या वर्षी तू ये. तोवर आहे तशी माया असू दे.

तुझा,
दीपक