अपील सरकारचं

सिरसाळा
१२ ऑक्टोबर २०२५

ती. गहिनीनाथदादास,

सारजाचा नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे पावसाने कापूस लोळवला, वेचायला माणूस मिळत नाही. मी फोन उचलत नाही म्हणून रागावला असशील. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, म्हणून लिहिते आहे.

बबनकाकांकडून तुझा निरोप पोचला. ‘पोराला पाच वर्षांची सजा लागली, लई झालं. आता सारजानं गप बसावं.’ दादा, खतासाठी मेंढरं आधी कुणाच्या रानात बसवायची, एवढ्यावरून तुझ्या रामेश्वरने माझ्या हनुमानच्या डोक्यात काठी घातली. कोर्ट म्हणालं, रागाच्या भरात झालं, वय लहान आहे. माझ्या पोराचं वय काय मोठं होतं?

मंगळवारी अंबाजोगाईला गेले होते. सरकारी वकिलांना म्हटलं, ‘मला अपील करायचं हाय.’

ते म्हणाले, ‘मावशी, शिक्षा कमी वाटली तर तुम्हाला अपील करता येत नाही. ते सरकारनंच करायचं. तुम्ही अर्ज द्या, मी वर पाठवतो. पण अपील झालं की आरोपीलाही ‘मला निर्दोष सोडा’ म्हणता येतं. विचार करा.’

लेक माझा गेला, आणि शिक्षा पुरली का नाही हे सरकार ठरवणार! मला हसूच आलं.

अर्ज लिहिणाऱ्याने आरोपीचं नाव विचारलं. माझी जीभ उचलेना. बारशाला आत्या म्हणून त्याच्या कानात ते नाव मीच सांगितलं होतं. शेवटी कागद ओढून घेतला आणि माझ्या हाताने लिहिलं.

अर्ज दिला, दादा. सांगायचं हेच होतं, आणि कापसाच्या गप्पा मारत बसले.

सरकार अपील करेल, नाहीतर करणारही नाही. उलट रामेश्वर सुटूनही येईल. आला तर त्याला पोटभर जेवू घाल. मला पोराच्या बदल्यात पोर नको आहे. पण हनुमानचा हिशेब पाच वर्षांत मिटला आणि त्याच्या आईने मान डोलावली, असं कुणी म्हणायला नको. दमले मी या सगळ्याला.

एवढं होऊनही तू दर भाऊबीजेला न्यायला आलास, मीही आले. यंदा येऊ नकोस. तू दारात उभा राहिलास तर मी मुकाट्याने पिशवी भरीन, तुला ओवाळीन, आणि परतताना अंबाजोगाईला उतरून अर्ज मागे घेईन.

हनुमानची आई,
सारजा