केयूरने स्वतः येऊन वाजवावे म्हणून

मी, नीळकंठ वामन पाठक, वय सत्तावन्न, व्यवसाय संस्कृतचे अध्यापन, राहणार बारामती, बुद्धी ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. प्रारंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो. आमच्या सिंफनी वाद्यवृंदाच्या तालमीत चहा दाराकडून येतो आणि दाराशी ट्रम्पेटवाले बसतात. व्हायोलिनपर्यंत पोहोचतो तो चहाचा केवळ रंग. माझ्या पश्चात व्हायोलिनवाल्यांसाठी स्वतंत्र थर्मास ठेवावा. हे कोणी हसण्यावारी नेऊ नये.

लिहिण्याचे निमित्त असे की, पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. नवी झडप धातूची असून चक्क टिकटिकते म्हणे. चिरंजीव केयूरला हे फोनवर सांगितले तर त्याचा पहिला प्रश्न, "बाबा, लय कुठली?"

केयूर बर्लिनला टेक्नो संगीत करतो. म्हणजे यंत्रातून निघणारा एकसारखा ठोका, ज्यावर माणसे तासन्‌तास नाचतात. मी त्याला आधी उपद्रव म्हणत असे. आता आम्ही बापलेकांनी मिळून केलेल्या संगीताला 'आमची रचना' म्हणतो : निम्मी त्याच्या यंत्राची, निम्मी आमच्या चाळीस वादकांची.

१. बारामतीचे घर पत्नी सौ. श्यामला हिला. मसुदा वाचून ती म्हणाली, "घर माझंच आहे, तुम्हाला राहू दिलंय. दिवाणखान्यातले ते दोन चेलो कोणाच्या गळ्यात घालताय ते लिहा." चेलो वाद्यवृंदाच्या गळ्यात.

२. माझे व्हायोलिन आणि वाद्यवृंद चालवण्याची निर्देशनाची काडी आमच्यातलीच व्हायोलिनवादक कु. वैदेही हिला. ती माझ्याहून सरस वाजवते. हे तिला आत्ताच सांगू नये, तालमीला उशिरा येऊ लागेल.

३. एमआयडीसीतले ध्वनियंत्रणावाले संदेश मला म्हणाले होते, "सर, माझ्या स्पीकरपुढं तुमची व्हायोलिनं म्हंजे डास." रचनेच्या पहिल्या प्रयोगाला त्यांची खुर्ची व्हायोलिनांच्या मधोमध ठेवावी. डास जवळून ऐकावेत.

४. रचनेचे हस्तलिखित केयूरला. येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तो आला होता. वालचंदनगरला तालीम होती. त्याने प्रत्येकाला कानात घालायला बटणाएवढे यंत्र दिले. त्यात ठोका ऐकायचा आणि त्याच्याबरोबर चालायचे. काटेवाडीचे हिंदुराव ऊस लावतात आणि क्लॅरिनेट वाजवतात. त्यांनी ते बटण काढून खिशात टाकले.

"आबा, त्याच्याशिवाय कसं जमेल? मशीन थांबत नाही."

"दम मला घ्यायचा हाय, मशीनला न्हाय."

"मग मी काय करू?"

"माझ्याकडं बघ. खांदं वर गेलं की दम घेतला समज. मग सोड तुजं मशीन. तू हितंच हायेस न्हवं?"

केयूर यंत्राची कळ धरून हिंदुरावांच्या खांद्यांकडे पाहत राहिला. क्लॅरिनेटचा लांब स्वर संपला, खांदे वर गेले, आणि यंत्र व माणसे एकदम आत आली. आनंद या शब्दाचे प्रतिशब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्या दुपारी एकही आठवला नाही.

तो परत गेला. तेव्हापासून तो येत नाही, त्याच्या ठोक्याची फाइल येते. तीत हिंदुरावांच्या दमासाठी जागा मोजून ठेवलेली असते, पण ती त्या वेळच्या दमाची. "गुरुजी, आता मला जरा जास्त लागतो," ते म्हणतात. "फाइलीला कोण सांगणार?"

म्हणून मी अट घातली होती : इंदापूरच्या पहिल्या प्रयोगात केयूर स्वतः यंत्रापाशी उभा राहिला, तरच हस्तलिखित त्याचे. आमचे वकील मानसिंगराव म्हणाले, "सर, असली अट टिकायची न्हाय. आणि टिकली, तरी पोरगं अटीपायी आलेलं चालंल का तुमाला?"

अट खोडली. हस्तलिखित विनाअट केयूरचे.

५. शस्त्रक्रियेची भीती वाटत नाही असे लिहिणार होतो, थोडी वाटते. पण काळजी तिची नाही. मी नसलो तरी प्रयोग होईल. केयूर फाइल पाठवील, हिंदुराव आपला दम आखडता घेऊन तीत बसवतील, सगळे बिनचूक वाजेल, लोक टाळ्या देतील, आणि मंचावर एक माणूस यायला हवा होता हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. केयूरच्याही. मला त्याची काळजी वाटते.

लिहून ठेवणार : नीळकंठ वामन पाठक (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली :
हिंदुराव गेनबा काटे, काटेवाडी (सही)
ॲड. मानसिंग निंबाळकर, इंदापूर (सही)

मुक्काम बारामती, दि. ९ फेब्रुवारी २०२५